वळू सगळ्यांचा, वही कुणाचीच नाही : पावसाच्या तोंडावर एवढं तरी करा

पहिल्या सरी पडल्या, हिरवं तोंडात गेलं की थोड्याच दिवसांत गायी एकापाठोपाठ माजावर यायला लागतात आणि सामूहिक वळूच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठेवलेल्या वळूच्या, दारात रांग लागते. तेव्हा कुणी ऐकत नाही म्हणून आत्ताच लिहितोय.

आधी तातडीचं. वळू नुकताच उन्हाळा काढून आलाय. बैलाचं वीर्य तयार व्हायला साधारण 60 दिवस लागतात, म्हणजे आज तो सावलीत निवांत रवंथ करत बसलेला दिसला तरी महिन्यापूर्वी तापला होता त्याचा फटका आत्ता बसणार. डॉक्टरांकडून वीर्य तपासून घ्या. ते होईपर्यंत आठवड्याला दोन-तीन गायींच्या वर त्याच्यावर लोड टाकू नका, ज्यांना जमतंय त्यांनी कृत्रिम रेतन करा. भर उन्हात वळू गायीवर सोडायचा नाही, पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर.

आता खरं दुखणं. सामूहिक पैदाशीला लोकांचा विरोध नसतो हो, मी इतकी वर्षं बघतोय, वळू येणार म्हटलं की सगळे खूश असतात. पण कोणती गाय कधी दाखवली हे लिहायची वही काढली की तोंडं फिरतात. कुणाला वाटतं आपल्या गोठ्याचा हिशोब चारचौघांत कशाला, कुणी म्हणतो वळू कमिटीचा तर लिहायचं पण कमिटीनंच, आणि बाकीच्यांचं ठरलेलं, "लक्षात राहतं की". नाही राहत. एका गावात वळू इतका देखणा आणि गरीब स्वभावाचा होता की सहा वर्षं कुणी हलवूच दिला नाही. कोणती कालवड कुणाची याची नोंद नाही, त्यामुळे त्याच्याच लेकी त्यालाच दाखवल्या. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासरात अंतःप्रजनन (जवळच्या रक्तातली पैदास) 25 टक्के धरतात, सावत्र भावंडांत साडेबारा. वासरं हडकुळी व्हायला लागली, काही जगलीच नाहीत, गायी उलटायला लागल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर यायला लागल्या, आणि लोक बसले दुकानदाराने दिलेल्या पावडरी चारत. तिथं एकाच म्हातारीला सगळं माहीत होतं, कारण ती गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तारीख लिहायची.

इथिओपियात 2009 पासून मेंढ्यांची अशीच सामूहिक पैदास सुरू केली तेव्हा नोंदी ठेवायला गावातलाच माणूस नेमला होता. मेंढीला चालतं ते गायीला का नाही?

वहीत फार काही नको. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, वळू कोणता, तारीख, उलटली का, कधी व्याली आणि काय झालं. एवढ्यावर काय कळतं बघा. एकच गाय 21 दिवसांनी परत माजावर आली तर बहुतेक गायीचं काहीतरी आहे. त्याच पंधरवड्यात दाखवलेल्या चार-पाच उलटल्या तर वळूकडे बघा. महिना-दीड महिन्याने, कसंही वेळापत्रक सोडून उलटत असतील तर वळूकडून पसरणाऱ्या रोगाची शंका घ्या आणि वळू थांबवून तपासा. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाय गाभडली (गर्भ पडला) तर ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जंतूचा गर्भपात घडवणारा रोग, धरून चाला, वार (जार) उघड्या हाताने उचलू नका, तो रोग माणसालाही होतो. यातलं काहीही बाटलीने बरं होत नाही.

वळू गावात आल्याची तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. संकरित असेल तर दोन वर्षांत, देशी असेल तर फार तर तीन वर्षांत, म्हणजे त्याच्या लेकी माजावर यायच्या आत, तो दुसऱ्या गटाच्या वळूशी बदला. बदलताना वहीची कॉपी पण द्या, आणि नवीन आलेला महिनाभर वेगळा बांधा, ब्रुसेला-टीबीची तपासणी झाल्यावरच गायी दाखवा.

अजून एक. सगळ्यात जोमदार गोऱ्हाच लोक आधी विकतात किंवा खच्ची करतात, कारण त्याचेच पैसे येतात, आणि पैदाशीला उरतो तो उरलासुरला. आईच्या दुधाची आणि वेताची नोंद बघितल्याशिवाय गोऱ्हा विकू नका. नुसत्या शिंगांवर, रंगावर तर मुळीच ठरवू नका.

बाकी नेहमीचं :
- जंतनाशक, पावसाआधी, डॉक्टरांना विचारून
- खनिज मिश्रण 30 ते 50 ग्रॅम रोज
- 4 ते 8 महिन्यांच्या फक्त कालवडींना ब्रुसेलाची लस, आयुष्यात एकदा
- सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी
- गाभण तपासणी 60 ते 90 दिवसांत
- विण्याआधी 60 दिवस गाय आटवणे (दूध काढणं बंद करणे)

माझा एक अंदाज, पुस्तकात शोधू नका : उकाड्यात गायी दिवसा गप्प असतात आणि माज रात्री दाखवतात. झोपायच्या आधी एक फेरी आणि पहाटे एक, बॅटरी घेऊन, सोट (माजाचा चिकट स्राव) दिसते का बघा. आणि "शंभर टक्के कालवड" म्हणून रेतनाच्या वीर्याची महागडी कांडी कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा, लिंगनिर्धारित वीर्यातही साधारण 90 टक्केच कालवडी होतात, आणि ते वापरायचंच तर तरुण, निरोगी कालवडीला, दोनदा उलटलेल्या गायीला नाही. किती वेळा उलटली ते आठवत नसेल तर कांडी राहू दे, आधी पेन शोधा.