केशरोपणाचा सामायिक माहितीसंग्रह कसा उभारावा
केशरोपणाविषयी अनेकांनी मिळून ऑनलाइन माहितीसंग्रह उभारायचा असेल, तर आधी मोजमापाची भाषा एक करावी; कारण एका ग्राफ्टमध्ये (म्हणजे मुळांसह काढून दुसरीकडे लावलेल्या त्वचेच्या बारीक तुकड्यात) साधारणपणे 1 ते 4 केस असतात आणि ‘2000 ग्राफ्ट’ व ‘2000 केस’ यांची गल्लत झाली की पुढची सारी तुलना फसते (जाहिरातींना ही गल्लत सोयीचीच असते). पुरुषांच्या नोंदीत टकलाची नॉरवुड श्रेणी (टक्कल किती पसरले आहे ते सांगणारी पायरी), तसेच एफयूई (ग्राफ्ट एकेक करून सुटे काढण्याची पद्धत) की एफयूटी (त्वचेची पट्टी कापून तिचे ग्राफ्ट करण्याची पद्धत) हे लिहावे. छायाचित्रे त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून, एकदा कोरड्या व एकदा ओल्या केसांची घ्यावीत, कारण ओल्या केसांत विरळपणा लपत नाही. लावलेले बहुतेक केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि पुढे सावकाश पुन्हा उगवतात, म्हणून निकालाचा रकाना 12 महिन्यांपर्यंत कोराच ठेवावा.