भिंगाची दुर्बीण निवडताना आधी माउंट बघा

दुर्बीण १०० पट मोठं दाखवते, तेव्हा थरथरही १०० पट मोठी करते. गुरूचं बिंब आकाशात जेमतेम ३० ते ५० विकलांचं असतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). नळी फक्त एक कला, म्हणजे ६० विकला, हलली तरी गुरू स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकतो, आणि कमकुवत तिपाईवर फोकसच्या नॉबला नुसता हात लावला तरी एवढी हालचाल होते. मग फोकस नेमका कुठे जुळतो तेच कळत नाही. हात काढायचा, चित्र थांबायची वाट बघायची, पुन्हा हात लावायचा. असल्या माउंटवर, म्हणजे नळी धरून फिरवणाऱ्या आधारावर, चांगलं भिंगही वाया जातं. म्हणून पैशांचा हिशेब करताना निम्मी रक्कम माउंट आणि तिपाईसाठी आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती नळी घ्या. डगमगणाऱ्या १०२ मिमीपेक्षा भक्कम आधारावरची ८० मिमीची नळी ग्रहांवर नक्कीच जास्त दाखवते.

नळीवरचे आकडे

नळीवर ८०/९०० किंवा १०२/५०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा वस्तुभिंगाचा, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा, व्यास, दुसरा नाभीय अंतर, दोन्ही मिमीमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की एफ-गुणोत्तर मिळतं. ८०/९०० म्हणजे साधारण एफ/११, १०२/५०० म्हणजे एफ/५.

भिंगाच्या दुर्बिणीत हे गुणोत्तर फार महत्त्वाचं, कारण रंगदोष त्यावर ठरतो. साध्या अ‍ॅक्रोमॅटमध्ये क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांची भिंगं जोडीने बसवलेली असतात. ही जोडी लाल आणि निळा प्रकाश जवळजवळ एकाच जागी आणते, पण जांभळा मागे राहतो. चंद्राच्या कडेला, शुक्राभोवती, अभिजितसारख्या तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी झालर दिसते ती यामुळे. झालर खुपू नये यासाठी एक जुना हिशेब आहे: व्यासाच्या मिमीला ०.१२ ने गुणा, किमान तेवढं एफ-गुणोत्तर हवं. ८० मिमीला एफ/९.६, १०२ मिमीला एफ/१२, १२० मिमीला एफ/१४ च्या पुढे. व्यास वाढला की गुणोत्तरही वाढायला हवं, म्हणजे व्यास दुप्पट केला तर नळी चौपट लांब होते. मोठे अ‍ॅक्रोमॅट अवजड का होतात, याचं उत्तर इथेच आहे.

१०२/१००० ही नळी या हिशेबात थोडी कमी पडते, तरी तिची झालर सहन होण्याजोगी असते आणि ग्रह, चंद्र, जोडतारे ती छान दाखवते. १०२/५०० चं काम वेगळं. २० ते ४० पटीला ती कृत्तिका किंवा देवयानी दीर्घिका अशी दाखवते की लांब नळीला ते जमूच नये. पण त्याच नळीतून १०० पटीला गुरू बघितला तर जांभळ्या धुक्यात पट्टे हरवतात. दिसणाऱ्या आकाशाच्या रुंदीचाही फरक आहे. सव्वा इंची आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) १००० मिमीच्या नळीत जास्तीत जास्त दीड अंश आकाश दिसतं. कृत्तिकांचा पुंज पसरला आहे जवळजवळ दोन अंश. तो सबंध बघायचा तर दोन इंची फोकसर (आयपीस बसवून पुढे-मागे सरकवायचा भाग) तरी हवा, नाहीतर आखूड नळी.

ईडी, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या, काचेची नळी रंगदोष बराच कमी करते. ८० मिमी, एफ/७ ची ईडी जोडी लहान, हलकी आणि ग्रहांवरही स्वच्छ असते. मात्र नळीवर नुसतं 'ईडी' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. काच कोणती ते विचारा: एफपीएल-५३ चं वर्णविकिरण (रंग फाकणं) एफपीएल-५१ पेक्षा कमी असतं आणि आखूड गुणोत्तराला हा फरक दिसतो. तरीही काचेच्या नावापेक्षा भिंग कसं घासलं आहे आणि जोडीदार काच कोणती आहे, यावर जास्त अवलंबून असतं. तीन भिंगांचे ट्रिपलेट छायाचित्रणासाठी उत्तम. छायाचित्र न काढता नुसतं बघणाऱ्याला त्यांचं वजन आणि थंड व्हायला लागणारा वेळ परवडत नाही.

पहिल्या दुर्बिणीसाठी ८० ते १०२ मिमी हीच मर्यादा योग्य. ८० वरून १०२ वर गेलं की प्रकाश १.६ पट मिळतो. जवळजवळचे तारे वेगळे करण्याची क्षमता ११६ भागिले व्यास या सूत्राने विकलांत निघते: ८० ला १.४५, १०२ ला १.१४. अंधूक दीर्घिका हेच मुख्य लक्ष्य असेल तर मात्र भिंगाचा हट्ट सोडा, त्या कामाला मोठी आरशाची दुर्बीण लागते. आणि खोक्यावर '५२५ पट' लिहिलेलं असेल तर ती दुर्बीण तिथेच ठेवा. कामाचं वर्धन व्यासाच्या मिमीच्या दुपटीपर्यंत. ८० मिमीला १६०, तेही हवा स्थिर असेल तर.

माउंट

एका नावाजलेल्या उदाहरणावरून सुरुवात करू. जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोर्पाटच्या (आजचं एस्टोनियातलं टार्टू) वेधशाळेसाठी २४ सेंमी व्यासाची भिंगाची दुर्बीण पुरवली. तिचं माउंट घड्याळाच्या यंत्रणेने आकाशाबरोबर फिरत असे. आजही विकलं जाणारं 'जर्मन इक्वेटोरियल' त्याच घडणीचं आहे. भिंगाएवढीच मेहनत माउंटवर घ्यावी लागते, हे त्या काळीही ठाऊक होतं.

माउंट दोन प्रकारचे. अल्ट-अझिमथ वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतं. लावायला दोन मिनिटं, शिकायला काही नाही. नळी ८० मिमीची आणि वर्धन १०० च्या आत असेल तर हेच घ्या, पण त्याला दोन्ही अक्षांवर बारीक हालचालीचे नॉब असलेच पाहिजेत. इक्वेटोरियलचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, त्यामुळे एकच नॉब किंवा एकच मोटर फिरवली की तारा दृष्टिक्षेत्रात राहतो. याची गरज केव्हा पडते ते मोजता येतं. आकाश तासाला १५ अंश सरकतं. १०० पटीला ५० अंश दृष्टिक्षेत्राच्या आयपीसमधून अर्धा अंश दिसतो, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा ग्रह दोन मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. १५० पटीला दीड मिनिटापेक्षाही कमी. ग्रहांवर जास्त वेळ घालवायचा असेल तर ध्रुवाक्षावर मोटर असलेलं इक्वेटोरियल घ्या.

वजनाची क्षमता माहितीपत्रकात लिहिलेली असते, ती तशीच्या तशी धरू नका. नळी, तिला धरणाऱ्या कड्या, डायगोनल (प्रकाश आयपीसकडे वळवणारा भाग), सर्वांत जड आयपीस आणि फाइंडर (लक्ष्य शोधायची छोटी दुर्बीण) यांचं एकत्र वजन करा. बघण्यासाठी ते क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आत हवं, छायाचित्रणासाठी निम्म्याच्या आत. काउंटरवेट, म्हणजे तोल साधायची वजनं, यात धरायचे नाहीत. लांबी हा आणखी मोठा शत्रू: वजन तेच ठेवून नळीची लांबी दुप्पट केली तर तिला थांबवणं चौपट अवघड होतं. म्हणून ४ किलोची आखूड नळी ज्या माउंटवर शांत राहते, त्यावर ४ किलोची मीटरभर लांब नळी डुलत राहते. १०२/१००० सोबत पुष्कळदा ईक्यू-२ वर्गाचं माउंट जोडून विकतात (ईक्यू म्हणजे इक्वेटोरियल, आकडा मोठा तेवढं माउंट भक्कम). ते अपुरं आहे. तिला ईक्यू-३ किमान, आणि ईक्यू-५ वर्गाचं माउंट खऱ्या अर्थाने पुरतं.

तिपाईकडे लोकांचं लक्ष जात नाही, आणि बरीच थरथर तिथूनच येते. पाय पोलादी नळीचे, साधारण ४५ मिमी जाडीचे हवेत. जाड लाकडी पायही कंपनं लवकर शोषतात. चौकोनी पातळ अ‍ॅल्युमिनियमचे, वर प्लॅस्टिकचे सांधे असलेले पाय टाळा. पाय पूर्ण ओढून उंची वाढवली की कडकपणा कमी होतो, म्हणून एक तृतीयांशापेक्षा जास्त ओढू नका.

इथे भिंगाच्या नळीची खास अडचण येते. आयपीस मागच्या टोकाला असतो. त्यामुळे मीटरभर नळी क्षितिजावरून डोक्यावर वळवली की आयपीस अर्ध्या मीटरहून जास्त खाली येतो. तिपाई बुटकी असेल तर डोक्यावरच्या ताऱ्यासाठी जमिनीवर बसावं लागतं, शिवाय नळीचं मागचं टोक तिपाईच्या पायाला आपटतं. पाय लांबवणं हा यावरचा चुकीचा उपाय. माउंट आणि तिपाई यांच्यामध्ये २० ते ४० सेंमीचा जाड विस्तार-खांब बसवा आणि उंची बदलता येईल अशी बैठक वापरा. बसून बघणारा माणूस ग्रहावर उभ्या माणसापेक्षा जास्त बारकावे टिपतो.

थोपटून बघणं

शक्य असेल तर खरेदीआधी, नाहीतर परत करण्याची मुदत संपण्याआधी हे करा. १०० पटीच्या आसपासच्या आयपीसने एक तारा मधोमध आणा. नळीच्या पुढच्या टोकाला बोटाने हलकेच थोपटा आणि तारा पूर्ण स्थिर व्हायला लागणारे सेकंद मोजा. एक सेकंदाच्या आत थांबला तर उत्तम. दोन-तीन चालतील. पाचच्या पुढे गेला तर कुठेतरी ढिलाई आहे किंवा माउंटच लहान आहे.

ढिलाई शोधायला एका हाताने थोपटा आणि दुसऱ्या हाताने एकेक सांधा दाबून धरा. ज्या सांध्यावर हात ठेवल्यावर वेळ घटतो, तो दोषी. बहुतेकदा तिपाईच्या वरच्या बिजागऱ्यांचे बोल्ट सैल असतात. ते पाना लावून घट्ट करा, पण पाय उघडता येतील इतपतच. दुसरा संशयित डव्हटेल पट्टी, म्हणजे नळी माउंटवर बसवायची पट्टी: आखूड पट्टी आणि अगदी जवळजवळ बसवलेल्या कड्या म्हणजे नळी एका बिंदूवर तोललेली. कड्यांमधलं अंतर वाढवा, पट्टी लांब घ्या. तिसरा वर्म गिअरमधला, म्हणजे अक्ष हळू फिरवणाऱ्या दात्यांमधला, खेळ. तो समायोजन स्क्रूने कमी होतो, मात्र जास्त आवळलं तर गिअर अडकतो, म्हणून पाव-पाव फेऱ्याने जा. तिपाईच्या मध्यभागी वजन टांगायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते लटकत राहिलं तर थरथर वाढते, तेव्हा ते जमिनीला किंचित टेकलेलं ठेवा. आणि तिपाई शक्यतो मातीवर लावा: लाकडी फळ्यांची जमीन किंवा गच्ची पावलांची धडधड थेट आयपीसपर्यंत पोचवते.

तोल आणि ध्रुव

तोल साधताना आयपीस, डायगोनल, फाइंडर सगळं लावलेलं आणि फोकसर वापरात असतो तितका बाहेर काढलेला असावा. काउंटरवेटचा दांडा आडवा करा, ध्रुवाक्षाची पकड ढिली करा, हात नळीखाली ठेवूनच. नळी खाली जात असेल तर वजन दांड्याच्या टोकाकडे सरकवा. मग ध्रुवाक्ष घट्ट करून दुसरा अक्ष ढिला करा आणि नळी कड्यांमध्ये पुढे-मागे सरकवून तोल साधा. मोटर वापरत असाल तर पूर्वेकडची बाजू अगदी किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दाते एकाच बाजूने टेकून राहतात.

नुसतं बघण्यासाठी ध्रुवाची जुळणी फार काटेकोर लागत नाही. उत्तर गोलार्धात अक्षाचा कोन आपल्या अक्षांशाएवढा ठेवा आणि अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे, तरी चालतं. एक अंशाची चूक झाली तरी तारा तासाभरात जास्तीत जास्त १६ कला सरकतो. तासतासभर एकाच ग्रहावर बसलात तर मधूनच नॉबला हात लावावा लागेल, इतकंच.

नळी तपासताना

फोकसर पूर्ण बाहेर काढून आडवा ढकला. लचकत असेल तर प्रत्येक फोकसिंगला चित्र उडी मारेल. बारीक फोकससाठीचा १:१० चा दुहेरी नॉब आखूड नळीला जवळजवळ आवश्यक, एफ/१० ला ऐच्छिक. काही स्वस्त नळ्यांमध्ये भिंगामागे एक लहान छिद्राची चकती बसवलेली असते. ती रंगदोष लपवते आणि व्यास चोरते. पकडायला नळी अनंतावर फोकस करा, कमी शक्तीच्या आयपीसमागे १५-२० सेंमीवर छोटी विजेरी धरा आणि वस्तुभिंगापुढे कागद धरून प्रकाशाचं वर्तुळ मोजा. ८० मिमीच्या नळीतून ६० मिमीचं वर्तुळ आलं तर तुम्ही ६० मिमीची दुर्बीण घेताय.

रात्री मध्यम तेजाच्या ताऱ्यावर १५० पटीला फोकस किंचित आत आणि किंचित बाहेर न्या. दोन्हीकडे गोल, एककेंद्री कडी दिसायला हवीत. कडी एका बाजूला दाबलेली असतील तर भिंग तिरकं बसलं आहे. त्रिकोणी दिसली तर ते जास्त आवळलं गेलं आहे. हे बघण्याआधी नळी अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर आतल्या गरम हवेचा दोष भिंगाच्या माथी माराल. सप्तर्षीतला वसिष्ठ १४ विकलांवर सहज दोन होतो. पुनर्वसूतला कॅस्टर अधिक जवळचा, त्याचे दोन तारे मध्ये काळी फट ठेवून वेगळे दिसले तर ८० मिमीची नळी पास.

सोबत येणारा ४५ अंशांचा डायगोनल जमिनीवरचं बघण्यासाठी असतो. ९० अंशांचा तारा-डायगोनल घ्या. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, तेव्हा चंद्राचा नकाशाही तसाच वापरा. ४ मिमीचा आयपीस आणि प्लॅस्टिकचा ३ पटी बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) खोक्यातच राहू द्या. १००० मिमीच्या नळीला २५ आणि १० मिमीचे दोन चांगले आयपीस (४० आणि १०० पट) पुरतात. फाइंडर दिवसाउजेडी दूरच्या खांबाच्या टोकावर जुळवा. सूर्य बघायचा तर संपूर्ण वस्तुभिंग झाकणारा सौर फिल्टर पुढून लावा आणि फाइंडर काढून ठेवा. आयपीसला लावायचा सौर फिल्टर उष्णतेने तडकतो, तो फेकून द्या.

दव पडलं की भिंग पुसायचं नाही. भिंगापुढची दवाची टोपी व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांब हवी, नाहीतर जाड काळ्या कागदाने वाढवा. ओली नळी झाकण लावून बंद केली तर भिंगांच्या मधल्या फटीत बुरशी धरते आणि ती घरी निघत नाही. नळी आत आणून झाकण न लावता कोरडी होऊ द्या, मग सिलिका जेलच्या पुडीसह पेटीत ठेवा आणि पुडीतले दाणे रंग बदलले की ते तापवून पुन्हा वापरा.