होमपेज म्हणजे उद्घाटनाचा फ्लेक्स नव्हे, या चुका टाळा

बरीच वर्षं छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवतोय आणि दर दोन-चार महिन्यांनी तोच फोन येतो, "अहो, साइट टाकून सहा महिने झाले, एक इन्क्वायरी नाही." मी साइट उघडतो तर सगळ्यात वर, "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे." अहो लग्नपत्रिका आहे का ती? आलेल्या माणसाला काय विकता, कुठे मिळतं आणि फोन कुठे करायचा एवढंच हवंय, तेही अंगठा न हलवता पहिल्या स्क्रीनवर.

आता स्लायडर, म्हणजे एकामागून एक आपोआप सरकणारे फोटो. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हात पोळलेत. सिंधुदुर्गातलं एक गिऱ्हाईक होतं, काजूगराचं युनिट. मालकांना होमपेजवर सात फोटोंचा फिरता स्लायडर हवाच होता. पहिला फीत कापतानाचा, दुसरा शाल-श्रीफळाचा, मग पुढाऱ्यांसोबत, मग मशिनरी, आणि काजू कुठे, तर सहाव्या नंबरवर! कॅमेऱ्यातून काढलेले जसेच्या तसे फोटो, एकेक ५ एमबीचा, म्हणजे नुसत्या स्लायडरचं वजन ३५ एमबी. मी एकदा बोललो, मग राहिलेलं पेमेंट आठवलं आणि गप्प बसलो. ऑफिसातल्या वायफायवर सगळं झकास दिसत होतं, पेढेही वाटले. महिन्याभराने मालकांचा मुलगा सांगतो, एका घाऊकवाल्याने स्टँडवर उभं राहून फोनवर साइट उघडली, बराच वेळ गोल गोल फिरलं, शेवटी फीत कापायचा फोटो आला, आणि त्याला वाटलं कुठल्यातरी पुढाऱ्याची साइट आहे, त्याने बंद केली.

स्लायडर काढला. एकच फोटो ठेवला, ट्रेमधल्या काजूगराचा, वर लिहिलं "काजूगर, थेट युनिटमधून, घाऊक आणि किरकोळ" आणि खाली ग्रेड, म्हणजे गराच्या आकाराची प्रत, डब्ल्यू १८०, २४०, ३२०, कारण घाऊकवाला आधी ग्रेडच विचारतो. पुढाऱ्यांचे फोटो 'आमच्याविषयी'मध्ये गेले, मालक दोन दिवस नाराज होते. फोटोचं माझं म्हणाल तर रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट (फोटोची फाइल हलकी ठेवणारा) आणि २०० केबीच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि वायफाय बंद करून जुन्या फोनवर उघडून बघायचं. माझ्याकडे एक काच तडकलेला फोन खास याच्यासाठी ठेवलाय, तो आईच्या हातात देतो आणि विचारतो, हे लोक काय विकतात? तिला सांगता आलं नाही तर पान परत करायला घेतो.

दुसरा माझा लाडका राग म्हणजे मजकुराचा फोटो. डीटीपीवाल्याकडे पत्रक श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, ते वेबसाइटवर पेस्ट केलं की नुसती खिचडी होते, मग शॉर्टकट काय, पत्रकाचा जेपीजी चिकटवा! त्या जेपीजीतलं एक अक्षर कॉपी होत नाही, फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आणि गुगलने त्यातलं वाचून तुम्हाला वर आणावं या भरवशावर तर राहूच नका. वर नंबरही फोटोतच, त्यावर बोट दाबून कॉल लागत नाही, माणसाने कागदावर लिहून घ्यायचा का? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, परत टाइप करा, कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांनी तपासा. नंबर दाबला की कॉल लागेल अशी लिंक द्या. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ ने सुरू करायचा, आधी अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. हे चुकवलेल्या साइट किती बघितल्या, मोजणं सोडलं.

बाकीचं भराभर. "आम्ही गुणवत्तेशी कधीही तडजोड करत नाही" हे वाक्य खोडा, तुमचा शेजारचा दुकानदारही तेच लिहितो, त्यापेक्षा माल किती दिवसात पोचतो ते लिहा. पान उघडल्या उघडल्या पॉपअप नको, माणूस दारात आलाय, आधी आत तर येऊ दे. एसएसएल, म्हणजे पत्त्यात https आणणारं सुरक्षेचं सर्टिफिकेट, नसेल तर क्रोम २०१८ पासून 'नॉट सिक्युअर' दाखवतंय, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट आहे, तेव्हा कारणं सांगू नका. ब्राउझरच्या टॅबवर नुसतं 'होम' असेल तर तिथे धंद्याचं नाव, माल आणि गाव टाका.

आणि ते "एका तासात वेबसाइट" वाले व्हिडिओ बघून बसणारे! टेम्प्लेट टाकतात, सूटबूटातल्या गोऱ्या लोकांचा फोटो तसाच, खाली लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, तसंच, आणि चौथ्या दिवशी विचारतात गुगलवर का दिसत नाही. बाबा रे, थोडा दम धर, नवीन साइटला वेळ लागतो. पण आधी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली बघ, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशा अर्थाची एक टिक असते, साइट बनवताना केलेली असते आणि काढायची राहते. मागे एकाची वर्षभर राहिली होती, आणि तो दर महिन्याला एसइओवाल्याला, म्हणजे साइट गुगलवर वर आणून देणाऱ्याला, पैसे देत होता.