गेममधल्या गटारात हरवायचं नसेल तर भिंती सोडा, पाणी बघा

गेम मस्त चाललेला असतो, अर्धं शहर फिरून झालेलं असतं, एखादा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, पण पाडलेला असतो, आणि मग कुठल्यातरी गल्लीत आपला हिरो लोखंडी झाकण उचकटून खाली उतरतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवट-करडं होऊन जातं. आली गटार लेव्हल! २००४ चा 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' ज्यांनी खेळलाय त्यांना हॉलिवूडच्या खालचं ते गटार अजून आठवत असेल, एवढा भारी गेम आणि मध्येच ते संपता न संपणारं भुयार, कित्येकांनी तिथेच हात टेकले.

मी स्वतः अशा लेव्हलमध्ये इतक्यांदा हरवलोय की शेवटी एक गोष्ट डोक्यात शिरली. आपण भिंती बघत चालतो, आणि भिंती तर सगळीकडे सारख्याच, त्याच विटा, तेच गंजके पाइप, बनवणाऱ्याने एकदा केले आणि शंभर ठिकाणी चिकटवले. पाणी मात्र सगळीकडे सारखं नसतं. ते कुठूनतरी येतं, कुठेतरी जातं, कुठे तुंबतं, आणि ते तसं का आहे हे कळलं की निम्मी लेव्हल सुटली म्हणून समजा.

उतरायच्या आधी

शिडीवर पाय ठेवायच्या आधी सेव्ह करा, आणि वेगळ्या स्लॉटमध्ये करा, म्हणजे जुना सेव्ह पुसला जात नाही. एकदा मी एकाच स्लॉटवर पुन्हा पुन्हा सेव्ह मारत गेलो, खाली विष लागलं, उतारा एकही नाही, परत वर यायला रस्ता नाही, आणि शेवटचा सेव्ह नेमका विष लागल्यानंतरचा. चार तासांचा खेळ पाण्यात, तेही गटाराच्या.

बाकी तयारी छोटीच आहे. विषावरचा उतारा दोन-तीन तरी जवळ असू द्या, इन्व्हेंटरीत (हिरोच्या सामानात) तीन-चार खाने रिकामे ठेवा कारण खाली चाव्या आणि व्हॉल्व्हची हँडलं उचलावी लागतात, आणि ब्राइटनेस गेम सांगतो तेवढाच ठेवा. लोक अंधार दिसला की तो फुल्ल करतात, मग सगळं राखाडी दिसतं आणि दूरचा तो एक दिवा, जो खरंतर रस्ता दाखवायला मुद्दाम लावलेला असतो, त्यातच विरून जातो. हेडफोन असतील तर लावाच.

उतरल्यावर आधी उभे राहा

लगेच पळू नका. दहा सेकंद थांबा आणि पाण्यावरचा फेस किंवा कचरा कुठल्या दिशेने सरकतोय ते बघा. बहुतेक गेममध्ये प्रवाह मोठ्या हौदाकडे नाहीतर पंपाच्या खोलीकडे जातो, आणि गोष्ट पुढे सरकते तीही तिकडेच. म्हणून मी उलटं करतो, आधी कोरडे बोगदे आणि प्रवाहाच्या विरुद्ध बाजूच्या फांद्या उरकतो, तिकडे गोळ्या, औषधं, क्वचित एखादी तिजोरी असते, आणि मग निवांत प्रवाहाबरोबर निघतो. 'डिसऑनर्ड' (२०१२) मध्ये तुरुंगातून पळताना जे गटार लागतं त्यात अशीच एक तिजोरी आहे, तिचा कोड ४५१, धावत सुटणाऱ्यांची ती हमखास राहते.

डावा हात भिंतीला लावून चालत राहा, बाहेर पडाल, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. एकाच मजल्याच्या साध्या भूलभुलैयात तो चालतो, पण गटारात शिड्या असतात, वरखाली मजले असतात, आणि मध्येच असे खांब-कट्टे असतात जे बाहेरच्या भिंतीला जोडलेलेच नसतात, अशा कट्ट्याला हात लावून चालायला लागलात तर गोल गोल फिरत बसाल. त्यापेक्षा खुणा करा. गेममध्ये काही टाकता येत असेल तर प्रत्येक फाट्यावर एक वस्तू टाका, नाहीतर मेलेल्या उंदरांवर लक्ष ठेवा, जिथे मारलेला उंदीर पडलाय तिथे आपण येऊन गेलोय, हिशोब सोपा. (काही गेम मढी गायब करतात, ते आधी बघून घ्या.)

व्हॉल्व्ह, म्हणजे खरी लेव्हल

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिंतीवर ओली, शेवाळलेली रेघ दिसते का बघा. ती रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल आणि पाणी घोट्याएवढं, तर समजायचं की पाणी तिथपर्यंत चढवता येतं आणि ते चढवणारा व्हॉल्व्ह कुठेतरी आहे. आणि तरंगणारी पेटी किंवा पिंप दिसलं तर ते शोभेला नाही, पाणी चढलं की तीच तुमची लिफ्ट. 'हाफ-लाइफ २' मध्ये कालव्यांच्या भागात पिंपं पाण्याखाली ढकलून फळी वर उचलावी लागते, तीच आयडिया.

व्हॉल्व्ह सापडला की एकदाच फिरवा आणि थांबा. दोन व्हॉल्व्ह एकदम फिरवले तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही. एक फिरवा, आवाज कुठून आला ऐका, मग जिथून आलात तिथे परत जाऊन काय बदललंय ते बघा. हे परत जाणं कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात आणि नेमके तिथेच फसतात.

याचा सगळ्यात बदनाम नमुना खरंतर गटारातला नाहीच, 'झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' (१९९८) मधलं पाण्याचं मंदिर. तिथे पाण्याच्या तीन पातळ्या आहेत आणि ठराविक जागी सूर वाजवून त्या बदलायच्या. मधल्या मनोऱ्यात पाणी दुसऱ्या पातळीवर आणलं की तिथला एक ठोकळा तरंगत वर येतो, आणि तो आधी जिथे टेकलेला होता तिथे खाली जायला भोक उघडतं, त्यात एक चावी. आपण वर आलेल्या ठोकळ्याकडे बघत पुढे जातो, खाली बघत नाही, आणि मग एका चावीसाठी अख्खं मंदिर पालथं घालतो. म्हणून पाणी चढल्यावर काय वर आलं एवढंच बघू नका, त्याच्याखाली काय मोकळं झालं तेही बघा.

पाण्यातली मंडळी

उंदरांचं काही नाही, पाठ भिंतीला लावा आणि एकेक घ्या. छतावरून टपकणारे चिकट गोळे असतील तर तलवार मारत बसू नका, आग वापरा, पेटती मशाल असली तरी काम होतं. गुडघाभर पाण्यात हिरोचा वेग कमी होतो म्हणून मारामारी शक्यतो कट्ट्यावर उभं राहून करा.

खरा धोका आहे शाप आणि विष. 'डार्क सोल्स' (२०११) मधल्या 'डेप्थ्स'मध्ये बॅसिलिस्क नावाचे मोठ्या डोळ्यांचे बेडकासारखे प्राणी धूर सोडतात, त्या धुरात शापाचा मीटर भरला की तुम्ही मरताच, वर कमाल हेल्थ अर्धी होते, आणि शाप उतरवणारा पर्जिंग स्टोन मिळेपर्यंत तशा अर्ध्या हेल्थवर फिरायचं. शिवाय त्या भागात जमिनीत भोकं आहेत, त्यातून पडलात तर थेट त्यांच्या घरात. सुटका एकच, धूर दिसला की मागे व्हा, मीटर उतरू द्या, मग परत. आणि तिथला बोनफायर (विसाव्याची शेकोटी, मेल्यावर तिथूनच परत सुरुवात होते) कुलूपबंद दाराआड आहे, त्याची चावी आधी शोधा, बॉसकडे नंतर.

काही ठिकाणी शत्रू दिसतच नाही. 'अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' (२०१०) मध्ये तुंबलेल्या तळघरात एक अदृश्य प्राणी आहे, दिसतात फक्त पाण्यावर उमटत येणारे त्याच्या पावलांचे छपछप शिंतोडे. पेटीवर चढलात की तुम्ही त्याच्या हाती लागत नाही, आणि दूर मांसाचा तुकडा फेकला की तो तिकडे पळतो, तेवढ्यात तुम्ही पुढची पेटी गाठायची. पहिल्यांदा मी हेडफोन काढून ठेवला होता आणि तीनदा मेलो, कारण शिंतोडे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आवाज आधी येतो.

नकाशा आणि घसरगुंडी

नकाशा मिळाला तर दर खोलीनंतर उघडायची सवय लावा. 'रेसिडेंट ईव्हिल २' च्या २०१९ च्या रिमेकमध्ये खोलीत काही उरलं असेल तर ती नकाशावर लाल, सगळं उचललं की निळी, त्यामुळे गटारातलं दार उघडायला लागणारे बुद्धिबळाच्या सोंगट्यांचे प्लग शोधताना निळ्या खोल्यांत परत जायची गरजच नाही. दुसऱ्या बाजूने बंद असलेली दारंही लक्षात ठेवा, ती पुढे आतून उघडतात आणि शॉर्टकट होतात.

मोठा उतरता पाइप दिसला, ज्यात फक्त घसरून जाता येतं, तर थांबा. तिथून बहुधा परत वर येता येत नाही. नकाशा बघा, राहिलेली खोली उरका, नवीन स्लॉटवर सेव्ह करा, मग उडी.

आणि समोर जाळीतून बाहेरचा उजेड दिसला की आनंदाच्या भरात धावू नका. 'ऑब्लिव्हियन' (२००६) मध्ये सुरुवातीच्या गटाराच्या तोंडाशी गेम एकदा शेवटचं विचारतो, नाव, रेस (वंश), क्लास (पेशा), जन्मरास बदलायचीय का म्हणून. तिथला सेव्ह वेगळ्या स्लॉटमध्ये जपून ठेवा, पुढच्या वेळी नवीन कॅरेक्टर घ्यायचं असेल तर तो लोड करायचा, सगळं बदलायचं आणि थेट जाळीतून बाहेर.