आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात? मग आधी हे वाचा

दरवर्षी कोणीतरी एमएचा पोट्टा नाहीतर पोट्टी फोन करते, ताई, लोकगीतांवर प्रोजेक्ट आहे, प्रश्नावली पाठवू का. बाप्पा, प्रश्नावली घेऊन ओवी सापडत नसते. "तुमच्या समाजात जात्याचे महत्त्व काय" असं विचारलं तर म्हातारी पदर सावरून शाळेतल्यासारखं उत्तर देते आणि घरी येऊन ऐकलं की त्यात काहीच नसतं.

गावात जायच्या आधी काय काय जमा झालंय ते बघून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्यात, त्यातल्या काही 'पारी' या गावाकडच्या गोष्टी जपणाऱ्या साइटवर ऐकायला मिळतात.

रेकॉर्डिंगचं फार डोकं खाऊ नका. फोन एअरप्लेन मोडवर, फाइल डब्ल्यूएव्ही, कूलर बंद. मे महिन्यात आपल्या विदर्भात कूलर बंद करा म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे, म्हणून दिवाळीनंतर जा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, दाबली जाते.

परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. नाव लावायचं का, नेटवर टाकायचं का, कोणती ओवी टाकायची नाही, सगळं. वैदूकडून झाडपाल्याची माहिती घेत असाल तर डबल सांभाळा. जखमेवर हळद लावतात हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत, तरी १९९५ मध्ये अमेरिकेत तिच्यावर पेटंट दिलं गेलं आणि भारताने भांडून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, म्हणजे तिथली झाडं-प्राणी आणि त्यांची माहिती लिहिलेली, २००२ च्या जैवविविधता कायद्यातली, ती ठेवणाऱ्या गावच्या समितीला विचारल्याशिवाय औषधाची कृती नेटवर चढवायची नाही म्हणजे नाही.

गाणं "म्हणून दाखवा" म्हणू नका. जातं असेल तर दळायला बसवा, स्वतः समोर बसून खुंट्याला हात लावा. हात फिरला की ओळी येतात.

आता खरी भानगड, ती म्हणजे ऐकलेलं कागदावर उतरवणं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला आजही सात-आठ तास लागतात आणि जो म्हणतो मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगने करतो त्याला मी सरळ नाही म्हणते, कारण ते "येऊन रायली"चं "येऊन राहिली" करून मोकळं होते आणि तुम्हाला कळतही नाही काय गेलं ते.

माझंच सांगते. काटोलकडच्या एका आजीच्या ओवीत ऐकलं की माय तुटली आणि पुढे भाऊ नवी माय आणून देतो. मी काय केलं, पानभर टिपण लिहिलं, आई गेल्यावर माहेर तुटतं, मग भावाची बायको हीच नवी माय वगैरे. गाईड पण खूश. सहा महिन्यांनी आजीला वाचून दाखवलं तर ती हसता हसता खोकायला लागली. अवो बाई, गळ्यातली माय! म्हणजे माळ. आपल्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो, गुळाचा गुय, बाळाचं बाय, हे मला लहानपणापासून माहीत, घरात मावशी असंच बोलते, पण हेडफोन लावला की मी पुस्तकातली मराठी ऐकत होते.

बरं, इथे थांबायचं की नाही? नाही. मी शहाणपणा करून सगळ्या फायलींत 'माय'ला 'माळ' असा फाइंड-रिप्लेस मारला. एका ओवीत लेकीची वाट बघत दारात उभी असलेली खरीखुरी माय होती, तिची पण माळ झाली. जुनी कॉपी ठेवली नव्हती, सगळं परत ऐकत बसले.

तेव्हापासून तीन ओळींत लिहिते. पहिल्या ओळीत जसं ऐकू आलं तसं, एक अक्षर न सुधारता. दुसरीत प्रमाण मराठी. तिसरीत अर्थ, आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह आणि मिनिट-सेकंद. ईलान नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे छान जमते, पण दोनशे पानी वहीनेही भागते. आपल्याच नागपुरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने परधानाकडून, म्हणजे गोंडांची गाणी-कथा सांगणाऱ्याकडून, ऐकलेलं गोंडांच्या लिंगो देवाचं गाणं लिहून ठेवलं होतं, तो गेल्यावर १८६६ मध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत का होईना पण मूळ गोंडीसकट, म्हणून आज गोंडी जाणणारा माणूस त्याचं भाषांतर तपासू तरी शकतो. नुसता अर्थ छापला असता तर काय तपासणार होता?

आणि उतरवलेलं सगळं म्हणणाऱ्या बाईला परत ऐकवायचं. फोनवर नाही, जाऊन. सोबत तिची सगळी गाणी मेमरी कार्डवर टाकून न्या, नातवाच्या मोबाइलमध्ये चालतात. जायच्या आधी स्वतःच्या फोनमध्ये जागा करून ठेवा, कारण स्वतःचा आवाज ऐकता ऐकता आजीला विसरलेल्या ओव्या आठवायला लागल्या तेव्हा माझा फोन फुल होता आणि मी तिच्यासमोर बसून भाचीच्या बड्डेचे व्हिडिओ डिलीट करत होते.