टेंडर भरायच्या आधी सोर्स कोडची मालकी बघा

सरकारी कार्यालयाच्या टेंडरची पीडीएफ आली की आपण आधी ईएमडी (बयाण्याची रक्कम) बघतो, टर्नओव्हर बघतो, शेवटची तारीख बघतो, पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, कोणाचा राहणार हे सांगणारं मालकी हक्काचं कलम कोणीच वाचत नाही, तर भो, तयारी तिथूनच सुरू करा. सर्चमध्ये 'मालकी', 'कॉपीराइट', 'सोर्स कोड' टाकून बघा, पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर एकेक पान वाचावंच लागेल. कलम सापडलंच नाही म्हणून गाफील राहू नका, कारण कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ सांगतं की वेगळा करार नसेल तर सरकारच्या निर्देशाखाली झालेल्या कामाचं पहिलं मालक सरकारच, आणि महापालिका, झेडपी यांच्यासारख्या कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्थांनाही तसंच लागू होतं.

मग बसून आपला आधीच लिहिलेला कोड कोणता आणि या कामासाठी नवीन लिहिणार तो कोणता हे वेगळं करा. हे मी जीव तोडून सांगतोय. आम्ही रावेरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्यातला थकबाकीचा भाग एका कार्यालयाच्या पाणीपट्टीच्या कामात जसाच्या तसा घातला, करारात 'दिलेलं सर्व कार्यालयाच्या मालकीचं' ही एक ओळ होती, सही केली, आणि दोन वर्षांनी तोच कोड दुसऱ्या ठेकेदाराच्या लॅपटॉपवर बघितला, आत आमची कमेंट (कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेली टीप) तशीच, 'इथे हमाली वजा करणे'. पाणीपट्टीत कुठली हो हमाली! फार लागलं ते.

म्हणून जुन्या फाईलींची तारखांसकट यादी करा आणि बिडला, म्हणजे आपण भरतो त्या प्रस्तावाला, परिशिष्ट म्हणून जोडा. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, तरी पुराव्यासाठी करून ठेवा. प्री-बिडला (टेंडर भरण्याआधीच्या शंकांच्या बैठकीला) लेखी विचारा की जुना कोड आमचा राहील आणि कार्यालयाला वापराचा कायमचा परवाना देऊ, चालेल का? साहेब तोंडी हो म्हणाले तर उठू नका, शुद्धीपत्रकात, म्हणजे टेंडरच्या लेखी दुरुस्तीत, आलं तरच धरा.

पगारी माणसाचं काम कंपनीचं असतं, पण भुसावळच्या फ्रीलान्सर पोराने लिहिलेला कोड त्याचाच, त्याच्याकडून सहीनिशी लेखी हस्तांतरण घ्या, त्यात हक्क किती काळासाठी दिला ती मुदत लिहा, नाहीतर कलम १९ प्रमाणे ५ वर्षंच धरली जातात. टेंडरमध्ये तुमचं स्वतःचं नवीन मशीन देणार असाल तर डेमोआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, पुढचा पूर्ण अर्ज १२ महिन्यांत. तांत्रिक प्रस्तावाच्या पानांवर 'व्यापारी गोपनीय' लिहा, माहिती अधिकारात कोणी मागितलं तर कलम ८(१)(घ) चा आधार घेता येतो.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी कोणत्या फाईली दिल्या त्याची शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.