जुन्या ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवताना
घरच्या शेडमध्ये टाटाचे ६९७ हे सहा सिलिंडरचे, ९७ मिमी बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) बिनटर्बोचे जुने इंजिन उघडले, तेव्हा लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग नवे घातले. खरी काळजी टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, ऑइलची होती. दाबाने आत गेलेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगमधून फेसाळून बाहेर पडते आणि केवळ उतारानेच खाली येते. म्हणून परतीचा पाइप जाड घेतला, तो कोठेही न वाकवता संपमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातील, ऑइलच्या पातळीच्या वर जोडला, कारण ऑइल तुंबले तर ते सीलमधून टर्बाइनमध्ये शिरते आणि निळा धूर सुरू होतो. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल ओतले आणि डिझेल बंद ठेवून, प्रेशर गेजचा काटा उचलेपर्यंत सेल्फ मारला. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचे डिझेल मात्र वाढवले नाही. जुन्या क्रँकवर जादा भार टाकणे मला मुळीच पटत नाही. चढावर पूर्वी येणारा काळा धूर आता जवळजवळ दिसत नाही.